दगड १६२० चा, गोष्ट १७४१ ची

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही पुण्याहून अमेरिकेत पदवीच्या पहिल्या वर्षाला आला आहात. ‘अमेरिकन संस्कृती आणि इतिहासातली मिथकं’ या विषयावर चिंतनपर निबंध लिहायचा होता. तुम्ही आठ मिथकं निवडलीत : वॉशिंग्टनचं चेरीचं झाड, पहिलं थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरातला आभारदिन), पोकाहॉन्टस, बेट्सी रॉसने शिवलेला अमेरिकेचा पहिला झेंडा वगैरे. प्रत्येकाखाली ‘प्रत्यक्षात असं घडलंच नव्हतं’ हे पुराव्यासकट दाखवलंत. प्राध्यापकांनी निबंध परत केला आणि वर शेरा मारला, ‘काय खोटं आहे ते समजलं. तुमचा विचार कुठे आहे?’ आता तुमचे प्रश्न दोन. यात आणखी लिहायचं काय? आणि बाहेरून आलेल्या माणसाने दुसऱ्यांच्या श्रद्धेच्या गोष्टींवर बोलावं का?

मी बॉस्टनपासून तासाभरावर असलेल्या एका कम्युनिटी कॉलेजात एकोणीस वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवतोय. तुमच्यासारखा निबंध माझ्याकडे दर सत्रात येतो, आणि तो लिहिणारी मुलं बहुतेक वेळा वर्गातली सगळ्यात मेहनती मुलं असतात. त्यामुळे शेऱ्याने खचू नका. तुमची माहिती चुकलेली नाही. तुम्ही मिथकाला थाप समजलात, एवढंच झालंय. थाप उघडी पडली की संपते. मिथक उघडं पडलं तरी संपत नाही, पुढच्या नोव्हेंबरात शाळेत त्याचंच नाटक बसतं. ते का टिकतं, हा तुमच्या निबंधाचा खरा विषय आहे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. हा विषय साहित्य विभागाचा असेल तर मिथकाचं रूप, त्यातली पात्रं आणि प्रतिमा यांवर जास्त भर लागेल. इतिहास विभागाचा असेल तर कागदपत्रं आणि तारखा. शब्दमर्यादा काय आहे तेही तुम्ही लिहिलेलं नाही. पण दोन्हीकडे चालेल अशी एक रीत मी वर्गात वापरतो. प्रत्येक मिथकाला दोन तारखा असतात : घटना घडली ती, आणि गोष्ट पहिल्यांदा सांगितली गेली ती. तुम्ही आठही ठिकाणी फक्त पहिली तारीख तपासलीत. दुसरी शोधा. मग कुणी सांगितली, कुणाला सांगितली आणि त्या वेळी आजूबाजूला काय चाललं होतं, हे विचारा.

बोलण्यापेक्षा एक दगड दाखवतो. दर वर्षी ऑक्टोबरात मी मुलांना घेऊन प्लिमथला जातो. समुद्राच्या काठाला ग्रॅनाइटच्या खांबांचा मोठा मंडप आहे. आत कठड्यावरून वाकून खाली पाहायचं. खाली वाळूत एक राखी दगड पडलेला असतो, भरती आली की जाळीतून पाणी आत येऊन त्याला भिजवतं. दगडाच्या मधोमध एक भेग आहे, ती सिमेंटने सांधलेली दिसते. वर ‘१६२०’ कोरलंय. इंग्लंडहून मेफ्लॉवर जहाजातून वस्ती करायला आलेल्या पिल्ग्रिम लोकांनी इथे पहिलं पाऊल ठेवलं, असं म्हणतात. मुलं पाहतात आणि हमखास म्हणतात, “एवढाच?” मग आम्ही तिथेच बाकावर बसतो आणि दगडाची जन्मपत्रिका मांडतो.

पिल्ग्रिम लोकांपैकी विल्यम ब्रॅडफर्ड आणि एडवर्ड विन्स्लो या दोघांनी लिहून ठेवलेलं आपल्याकडे आहे. त्यात या दगडाचा उल्लेख नाही. ते आधी उतरले तेही इथे नाही, पलीकडे आज जिथे प्रॉव्हिन्सटाउन आहे तिथे. दगडाची गोष्ट पहिल्यांदा कानावर येते ती १७४१ मध्ये, म्हणजे १२१ वर्षांनी. त्या वर्षी किनाऱ्यावर धक्का बांधायचं ठरलं होतं आणि दगड त्याखाली जाणार होता. तेव्हा थॉमस फॉन्स नावाचे चर्चचे ९४ वर्षांचे वडीलधारे पुढे आले. आपल्या वडिलांनी हाच दगड दाखवला होता, असं त्यांनी सांगितलं. त्यांचे वडील स्वतः मेफ्लॉवरवर नव्हते, ते १६२३ साली दुसऱ्या जहाजाने आले होते. पुढे १७७४ मध्ये, इंग्लंडविरुद्ध वातावरण पेटलेलं असताना, गावकऱ्यांनी दगड उचलून चौकात न्यायचा प्रयत्न केला आणि तो दुभंगला. वरचा अर्धा भाग त्यांनी नेला आणि स्वातंत्र्याच्या खुणेसारखा चौकात ठेवला. तो भाग १८८० मध्ये परत येऊन खालच्या अर्ध्याला जोडला गेला, आणि आकडा कोरला गेला तोही तेव्हाच.

आता बघा, ‘दगड खरा नाही’ एवढं म्हणून थांबलो असतो तर हे सगळं हातचं गेलं असतं. ९४ वर्षांचा म्हातारा माणूस. ज्यांना तो लहानपणी ओळखत होता ती पहिली पिढी कधीच गेलेली. डोळ्यांदेखत किनारा बदलणार. त्याला काहीतरी वाचवायचं होतं. तेहतीस वर्षांनी त्याच दगडात लोकांना बंड दिसलं, आणि त्यानंतर शंभरेक वर्षांनी राष्ट्राचा जन्म. दगड तोच, प्रत्येक पिढीने आपल्या गरजेची गोष्ट त्याच्यावर ठेवली. हे वाक्य तुम्हाला तुमच्या निबंधात लिहिता आलं असतं, कारण पुरावा तुमच्याकडे होताच.

थँक्सगिव्हिंगला हीच रीत लावा. १६२१ च्या शरद ऋतूत प्लिमथला मेजवानी झाली, यात वाद नाही. विन्स्लोच्या डिसेंबर १६२१ च्या पत्रात ती आहे : तिथल्या मूळच्या रहिवासी वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस खाणंपिणं झालं. पण ‘पहिलं थँक्सगिव्हिंग’ हे नाव त्या मेजवानीला मिळालं १८४१ मध्ये, बॉस्टनच्या अलेक्झांडर यंग यांनी ते पत्र छापताना घातलेल्या एका तळटीपेत. लिंकनने राष्ट्रीय आभारदिन जाहीर केला ३ ऑक्टोबर १८६३ ला, उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांमधल्या यादवी युद्धाच्या (१८६१–६५) ऐन मध्यात. सेरा जोसेफा हेल या संपादिकेने त्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं लिहिली होती. ती घोषणा मुळातून वाचा. तिच्यात विधवा आहेत, अनाथ मुलं आहेत, देशाच्या जखमा भरून येवोत ही प्रार्थना आहे. पिल्ग्रिम नाहीत, वाम्पानोआगही नाहीत.

ते दोघं शेजारी शेजारी बसून जेवताहेत हे चित्र वर्गावर्गांत पोहोचलं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. १८८० ते १९२० या काळात दोन कोटींहून जास्त लोक बाहेरून अमेरिकेत आले, त्यांतले बरेचसे दक्षिण आणि पूर्व युरोपातले. त्यांच्या मुलांना अमेरिकन करायचं काम शाळांवर पडलं. आलेल्याचं स्वागत झालं, सगळे एका पंगतीला बसले आणि देश झाला, ही गोष्ट त्या कामाला फार सोयीची होती. ती शिकवणाऱ्या सगळ्या बाई लबाड होत्या असं मला कधीच वाटलं नाही. कित्येकींनी ती प्रेमाने शिकवली असणार, समोरच्या इटालियन, पोलिश मुलाला आपलं म्हणण्यासाठी.

पण त्या पंगतीत काय झाकलं गेलं, तेही तितक्याच नेमकेपणाने लिहायला हवं. पिल्ग्रिम उतरले ती पटक्सेट नावाची वाम्पानोआग वस्ती होती, आणि १६१६ ते १६१९ च्या साथीत ती ओस पडली होती. त्यांना मका पेरायला शिकवणारा टिस्क्वांटम त्याच गावचा. १६१४ मध्ये एका इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकलं होतं. तो परत आला तेव्हा गावात कुणी उरलं नव्हतं. आणि मेजवानीनंतर ५५ वर्षांनी, १६७६ मध्ये, मॅसासॉइटच्याच मुलाचं, मेटाकॉमचं, मुंडकं याच प्लिमथमध्ये खांबावर टांगलं गेलं. दगडाच्या समोरच्या टेकडीवर आज मॅसासॉइटचा पुतळा आहे. १९७० मध्ये, पिल्ग्रिम आल्याच्या ३५० व्या वर्षी, वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग वक्त्याला समारंभात बोलायला बोलावलं होतं. आयोजकांनी भाषण आधी वाचलं आणि ते करू द्यायला नकार दिला. मग थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ते या पुतळ्यापाशी उभं राहून बोलले. तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी तिथे शोकदिन पाळला जातो. मिथकाला उत्तर कसं दिलं जातं, हे यात दिसतं. त्यांनी फक्त ‘हे खोटं आहे’ असं म्हटलं नाही. त्याच दिवशी, त्याच गावात, दुसरी गोष्ट उभी केली.

चेरीच्या झाडावर, म्हणजे लहानग्या वॉशिंग्टनने झाड तोडल्याचं वडिलांना खरं सांगून टाकलं या गोष्टीवर, मी फार वेळ घालवणार नाही. वॉशिंग्टन १७९९ च्या डिसेंबरात वारले, मेसन वीम्स नावाच्या फिरत्या पुस्तकविक्रेत्या धर्मोपदेशकाने लगोलग त्यांचं चरित्र काढलं, आणि झाडाची गोष्ट त्यात घातली १८०६ च्या आवृत्तीत. नव्या देशाला चारित्र्याचा धडा हवा होता. बेट्सी रॉसची गोष्ट तिच्या नातवाने जाहीरपणे सांगितली १८७० मध्ये, देशाची शंभरी जवळ येत असताना. ही दोन उदाहरणं निबंधात एकेका वाक्यात उरकली तरी चालतील. त्याऐवजी एक मोठं मिथक घ्या, जे तुमच्या यादीत अजिबात नव्हतं आणि ज्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं : दक्षिणेची ‘लॉस्ट कॉज’ची गोष्ट. यादवी युद्ध गुलामगिरीसाठी नव्हे, राज्यांच्या हक्कांसाठी झालं, असं ती सांगते.

इथे दोन तारखांची रीत फारच उपयोगी पडते, कारण एकाच माणसाच्या तोंडी दोन गोष्टी सापडतात. अलेक्झांडर स्टीफन्स हे कॉन्फेडरसीचे, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांच्या सरकारचे, उपाध्यक्ष. मार्च १८६१ मध्ये सव्हॅनाच्या सभेत त्यांनी सांगितलं, की आमच्या नव्या सरकारची कोनशिलाच ही आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी ही त्याची स्वाभाविक अवस्था आहे. युद्ध हरल्यावर, १८६८ मध्ये, याच स्टीफन्सनी भला मोठा ग्रंथ लिहून मांडलं, की भांडण राज्यघटनेच्या अर्थाचं होतं. मधल्या सात वर्षांत युद्धाचं कारण बदललेलं नाही, गरज बदलली आहे.

वर्गात मी साउथ कॅरोलायनाचा डिसेंबर १८६० चा जाहीरनामा वाटतो, ज्यात त्या राज्याने संघराज्यातून बाहेर पडण्याची कारणं दिली आहेत. मुलांना सांगतो, राज्यांच्या हक्कांबद्दलची तक्रार शोधा. ती सापडते, पण उलटी : उत्तरेतली राज्यं पळून आलेल्या गुलामांना परत करत नाहीत, त्यासाठी स्वतःचे कायदे करतात, ही तक्रार आहे. म्हणजे हक्क वापरत होती उत्तरेतली राज्यं, आणि दक्षिण त्यावर चिडली होती. हे कळतं तेव्हा वर्ग शांत होतो.

एकदा तास संपल्यावर जॉर्जियाहून आलेली एक मुलगी थांबली. तिच्या पणजोबांचे आजोबा दक्षिणेच्या फौजेत होते, आणि तिची आजी दर वर्षी त्यांच्या थडग्यावर छोटा झेंडा लावायची. ती म्हणाली, “म्हणजे आजीने मला खोटं सांगितलं?” मी तिला म्हटलं, आजी शाळेत होती तेव्हा पुस्तकं कुणाच्या नजरेखालून जात होती ते आधी शोध. तिने शोधलं. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या संघटनेच्या इतिहासकार मिल्ड्रेड रदरफर्ड यांनी १९२० च्या सुमारास शाळा-ग्रंथालयांसाठी एक पुस्तिका काढली होती. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असं म्हणणारं पाठ्यपुस्तक नाकारा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ग्रंथालयात आधीपासून असलेल्या अशा पुस्तकांवर ‘दक्षिणेवर अन्याय करणारं’ असा शिक्का मारा, असंही. पुतळ्यांच्या तारखाही तिने मांडल्या. बहुतेक पुतळे युद्ध संपल्या संपल्या उभे राहिलेले नाहीत. ते मोठ्या संख्येने उभे राहिले १९०० नंतरच्या दोन दशकांत, म्हणजे दक्षिणेत काळ्या लोकांचा मताधिकार काढून घेतला जात होता आणि वेगळ्या शाळा, रेल्वेचे वेगळे डबे कायद्याने पक्के होत होते तेव्हा. तिच्या निबंधात आजीबद्दल एकही कडवट वाक्य नव्हतं, आणि गुलामगिरीबद्दल एकही मऊ वाक्य नव्हतं. एकोणीस वर्षांत माझ्या हाती आलेल्या उत्तम निबंधांपैकी तो एक.

इथपर्यंतचं एवढं धरून ठेवा : दगडाच्या गोष्टीने आठवण राखली, थँक्सगिव्हिंगच्या गोष्टीने जोडलं आणि झाकलंही, लॉस्ट कॉजने माणसांचे हक्क हिरावायला आधार दिला. तिन्हींना एकच ‘मिथक’ शब्द लावला तरी तिन्हींचं काम वेगळं आहे. तुमच्या पहिल्या निबंधात आठही एका ओळीत उभी होती, प्राध्यापकांना खटकलं ते बहुधा हेच.

आणखी एक जात आहे, तिच्याबद्दल सांगितलं नाही तर उत्तर अर्धवट राहील. ‘सर्व माणसं समान जन्मली आहेत’ हे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं वाक्य. लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. म्हणून ते वाक्य खोटं ठरवून मोकळं व्हायचं का? ज्यांना त्यातून वगळलं होतं त्यांनी तसं केलं नाही. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला जमलेल्या स्त्रियांनी त्या वाक्यात ‘आणि स्त्रिया’ हे शब्द घातले. १८५२ मध्ये, स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी रॉचेस्टरच्या भाषणात विचारलं, की तुमची चार जुलै, तुमचा स्वातंत्र्यदिन, गुलामासाठी काय आहे? १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगनी त्याला वचनचिठ्ठी म्हटलं आणि वसुली मागितली. न घडलेली गोष्ट घडलेली म्हणून सांगणं हे मिथक. पण ती गोष्ट मनावर घेऊन कुणी तिचा हिशेब मागायला उभं राहिलं, तर तिचं बळ मागणाऱ्याच्या हातात जातं.

आणि हे बळ आपल्यापर्यंतही आलं होतं. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या निरपेक्ष त्यागाबद्दल आदर म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा या इच्छेने. दोन तारखा इथेही लावून पाहा. अर्पणपत्रिकेत अमेरिका उजळ दिसते. उत्तरेच्या फौजेत लढलेले सुमारे १,८०,००० काळे सैनिक, गुलामांनी स्वतः दिलेला लढा, हे तिथे वेगळं दिसत नाही. पण ती गोष्ट कोण सांगत होतं? पुण्यातला एक माळी, ज्याच्या लोकांना शाळेची दारं बंद होती. कुणाला? आपल्याच समाजाला, लाज वाटावी म्हणून आणि उमेद यावी म्हणून. स्टीफन्स आणि फुले यांनी अवघ्या पाच वर्षांच्या अंतराने त्याच युद्धाच्या दोन गोष्टी सांगितल्या. एकीने साखळी झाकली, दुसरीने साखळी तोडायला हात मागितले. मला यावर वर्गात बोलताना अजूनही भरून येतं.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुम्ही बाहेरचे नाही. ‘अमेरिका म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारी भट्टी’ ही गोष्ट जोरात सांगितली जात होती त्याच काळात, १९२३ मध्ये, भगतसिंग थिंद यांचा नागरिकत्वाचा खटला इथल्या सर्वोच्च न्यायालयात चालला. ते पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. नागरिकत्व तेव्हा १७९० पासूनच्या कायद्याने ‘गोऱ्या’ माणसाला मिळे, नंतर आफ्रिकी वंशाच्या माणसालाही. थिंद यांच्या बाजूने सखाराम गणेश पंडित या वकिलाने मांडलं, की हा उच्चवर्णीय आर्य आहे, म्हणून गोरा. न्यायालयाने म्हटलं, सामान्य माणूस याला गोरा म्हणणार नाही. निकालानंतर अनेक भारतीयांची मिळालेली नागरिकत्वं काढून घेतली गेली. पंडितांवरही दावा झाला, तो मात्र त्यांनी जिंकला. या खटल्यात अमेरिकेचं एक मिथक होतं आणि आपण घरून नेलेलं, उच्चवर्णाचं, मिथकही होतं, आणि दोन्हींनी मिळून खाली ढकललं ते इतरांनाच. तुम्ही यावर लिहिलंत तर ‘तुमच्या श्रद्धा खोट्या’ असा सूर लागणारच नाही, कारण आपला वाटाही त्यात लिहावा लागेल.

निबंधाचं म्हणाल तर आठातली सहा काढून टाका. दोन ठेवा, शक्यतो वेगवेगळं काम करणारी. प्रत्येकीच्या दोन्ही तारखा, सांगणारा, ऐकणारा, आणि मधल्या काळात काय हवं झालं होतं ते. ‘मी’ हा शब्द लिहायला घाबरू नका, चिंतनपर निबंधात तो लागतो : ही गोष्ट मी पहिल्यांदा कुठे ऐकली, तेव्हा मला ती का आवडली. जिथे दुसरी तारीख सापडणार नाही तिथे ती अंदाजाने टाकू नका, ते उदाहरणच बदला.

सुरुवात कुठून करायची हे अडलं असेल तर विन्स्लोच्या पत्रातला मेजवानीचा मजकूर घ्या. शे-सव्वाशे शब्दांचा आहे, दहा मिनिटांत वाचून होतो. पेन्सिल घेऊन बसा. त्यात थँक्सगिव्हिंग हा शब्द शोधा, सापडणार नाही. टर्की शोधा, नुसते ‘पक्षी’ सापडतील. मग पाच हरणं येतात. ती कुणी मारून आणली ते त्याच वाक्यात आहे : पाहुणे म्हणून ज्यांची चित्रं काढतात, त्या वाम्पानोआग लोकांनी. तुमचा पहिला परिच्छेद त्या हरणांपासून लिहा.